स्कॉटिश कंट्री डान्समध्ये बारा प्राण्यांची शर्यत : उंदीर, बैल, साप, घोडा कसे नाचवायचे?

केतकी_लीथ

नमस्कार मंडळी. मी एडिंबरात राहते आणि इथल्या एका हौशी गटात स्कॉटिश कंट्री डान्स करते. १७ फेब्रुवारी २०२६ ला चिनी पंचांगातलं सापाचं वर्ष संपून घोड्याचं वर्ष लागतंय. आमच्या गटात हाँगकाँग आणि व्हिएतनामहून आलेल्या काही जणी आहेत. २५ जानेवारीची बर्न्स नाइट (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाची मेजवानी) आणि हे चांद्र नववर्ष यांच्या मधल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून जेवण आणि नाच करायचं ठरलंय. त्यासाठी बारा प्राण्यांच्या शर्यतीवर एक नवा नाच रचायचा आहे. ते काम माझ्याकडे आणि हाँगकाँगच्या एका मैत्रिणीकडे आलंय, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा नाच पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन ओळी समोरासमोर, साधारणपणे एकीत पुरुष आणि दुसरीत बायका (बायका जास्त असल्या तर त्या दोन्हीकडे उभ्या राहतात, कोणी काही म्हणत नाही). चार जोड्यांचा एक सेट. पहिली जोडी वाद्यांच्या बाजूला. संगीताच्या ३२ बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक पूर्ण रचना नाचायची आणि तेवढ्यात पहिली जोडी एक जागा खाली उतरते, दुसरी वर येते. असं दोनदा झालं की पहिली जोडी तळाला जाते आणि वर आलेली जोडी सुरुवात करते. आठ आवर्तनं झाली की सगळे आपापल्या मूळ जागी. तालाचे प्रकार तीन : रील आणि जिग जलद, स्ट्राथस्पे संथ आणि भारदस्त. १९२३ साली ग्लासगोत जीन मिलिगन आणि इसोबेल स्ट्युअर्ट यांनी संस्था काढली, गावोगावचे नाच गोळा करून छापले. त्या संस्थेला १९५१ मध्ये 'रॉयल' बिरुद मिळालं. नवे नाच रचणं मात्र कधीच थांबलं नाही. आज हजारो आहेत, आणि त्यातले बरेच तुमच्याआमच्यासारख्यांनीच रचलेले.

आता शर्यत. जेड सम्राटाने, म्हणजे चिनी लोककथांतल्या स्वर्गाच्या राजाने, प्राण्यांना नदी ओलांडून यायला सांगितलं. ज्या क्रमाने पोचतील त्या क्रमाने वर्षांना त्यांची नावं. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि काठ जवळ येताच उडी मारून पहिला झाला. बैल दुसरा, प्रवाहाशी झगडत आलेला वाघ तिसरा. ससा दगडांवरून उड्या मारत, मग एका ओंडक्यावर बसून चौथा. ड्रॅगनला उडता येत असूनही तो पाचवा, कारण वाटेत त्याने तहानलेल्या गावांवर पाऊस पाडला आणि सशाच्या ओंडक्याला फुंकर घालून काठाला लावलं. साप घोड्याच्या खुराला वेटोळं घालून आला, घोडा दचकला, साप सहावा आणि घोडा सातवा. बोकड, माकड आणि कोंबडा एकमेकांच्या मदतीने तराफ्यावरून आले. कुत्रा पाण्यात खेळत बसला. डुक्कर खाऊन झोपलं आणि सर्वात शेवटी पोचलं.

प्रश्न असा की हे सगळं ३२ बारांत कसं आणायचं? मुखवटे, शेपट्या, प्राण्यांचा अभिनय नको, यावर आम्ही दोघी ठाम आहोत. गोष्ट पावलांच्या वाटांमधून दिसली पाहिजे.

निळा_ढग

सुंदर विषय. पण अभिनय नाही, शब्द नाहीत, मग बघणाऱ्याला गोष्ट कळणार कशी? भरतनाट्यमसारख्या हस्तमुद्राही नाहीत ना यात?

केतकी_लीथ

निळा_ढग, हस्तमुद्रा नाहीत, आणि खरं तर हा नाच आधी नाचणाऱ्यांसाठी असतो, बघणारे नंतर. दोन उदाहरणं देते, त्यातून कळेल.

पहिलं, 'रील ऑफ द फिफ्टीफर्स्ट डिव्हिजन'. जून १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सँ-व्हालेरी-आँ-को इथे ५१ वी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती सापडली. बव्हेरियातल्या लाउफेनच्या युद्धकैदी छावणीत त्या अधिकाऱ्यांनी हा नाच रचला आणि बसवला. नाचणारे अर्थातच सगळे पुरुष. त्यात एका क्षणी नाचणारे हातात हात घेऊन तिरक्या रेषेत थांबतात, मग दुसऱ्या तिरक्या रेषेत. दोन्ही मिळून सेंट अँड्रूचा क्रूस होतो, म्हणजे स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा तो पांढरा तिरपा क्रूस. पहारेकऱ्यांच्या नजरेसमोर! १९४५ मध्ये तो संस्थेच्या १३ व्या पुस्तकात छापला गेला. आजही कुठल्याही मोठ्या नाचाच्या रात्री तो असतोच. मी तो क्रूस धरून उभी असते तेव्हा दर वेळी अंगावर काटा येतो.

दुसरं, जॉन ड्रूअरी यांचा 'द बीज ऑफ मॅगीनॉकेटर'. मॅगीनॉकेटर हे मोरे भागातलं छोटं गाव, तिथे मधमाश्यांचं पालन चाले. या नाचात कोणी गुणगुणत नाही की पंख हलवत नाही. चार जोड्या सतत एकमेकींच्या जागांतून ये-जा करतात, कोणीच फार वेळ एका ठिकाणी नाही. एवढ्यानेच पोळं उभं राहतं.

मला तसं काहीतरी हवंय.

पंचांगवाला

केतकी, नाचातलं मला काही कळत नाही, पण बारा वर्षांबद्दल लिहितो, कदाचित उपयोगी पडेल.

ही शर्यतीची गोष्ट लोककथा आहे. मूळ चौकट आहे ती चिनी कालगणनेतल्या बारा 'शाखां'ची, आणि ती गुरूच्या भ्रमणाशी जोडलेली आहे. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे ढोबळमानाने बारा. चीनमध्ये गुरूला वर्षाचा तारा मानत. आपल्याकडेही तोच गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ. आकाश एकच असल्यामुळे हिशेबही जुळतात.

पुढे, त्या बारा शाखांना दहा 'खोडां'ची जोड देऊन चिनी लोक ६० वर्षांचं चक्र करतात. आपली प्रभव, विभव, शुक्ल अशी संवत्सरंही ६०. त्यांचं चालू चक्र १९८४ च्या उंदराच्या वर्षी सुरू झालं, आपलं प्रभव संवत्सर १९८७ च्या पाडव्याला. तीन वर्षांचं अंतर. साठी पूर्ण झाली की आपण शांत करतो, तिकडेही साठीचा वाढदिवस मोठा मानतात, कारण आपलं जन्मवर्ष खोड आणि शाखा दोन्हींसह परत आलेलं असतं.

प्राण्यांची यादीही सुरुवातीपासून पक्की नव्हती. हूपेइ प्रांतात श्वेइहूदी इथे १९७५ मध्ये प्राचीन छिन राजवटीच्या काळातल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरचे लेख सापडले. त्यात शाखांपुढे प्राणी आहेत, पण काही जागी आजच्यापेक्षा वेगळे. तेव्हा बारा प्राणी आलेच पाहिजेत असा धाक बाळगू नका.

तुम्ही वर लिहिलंत की पहिली जोडी तळाला जाते आणि आठ आवर्तनांनी सगळे मूळ जागी येतात. मला तर गोष्टीपेक्षा यातच जास्त संवत्सरचक्र दिसतं.

केतकी_लीथ

पंचांगवाला, शेवटचं वाक्य मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपण रोज नाचतो आणि कधी लक्षातच आलं नाही. मनापासून आभार.

व्हँकूवरकर

बर्न्स नाइट आणि चिनी नववर्ष एकत्र हा प्रकार आमच्याकडे जुना आहे. टॉड वाँग हे इथले चिनी वंशाचे कॅनेडियन. विद्यापीठात असताना १९९३ मध्ये बर्न्सच्या कार्यक्रमाला मदत हवी होती म्हणून त्यांनी किल्ट घातला, आणि त्यातून १९९८ मध्ये घरगुती जेवणाने 'गंग हॅगिस फॅट चॉय' सुरू झालं. पुढे त्याची मोठी सार्वजनिक मेजवानी झाली. हॅगिसचे (मेंढीच्या काळीज-यकृताच्या स्कॉटिश पदार्थाचे) वाँटन, बॅगपाइप, कविता, सगळं एका टेबलावर. दोन्ही सण जवळ येतात कारण चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही पडतं. २०२० साली तर ते नेमकं २५ जानेवारीलाच होतं, उंदराचं वर्ष.

एक मात्र आवर्जून सांगतो. ते जेवण टिकलं कारण ते करणारा माणूस दोन्ही घरांचा होता. दुसऱ्यांची गोष्ट घेऊन आपण गंमत म्हणून शेपट्या लावल्या असत्या तर ते दुखावणारं झालं असतं. मुखवटे नाहीत हा तुमचा निर्णय फार योग्य आहे. आणि रचणाऱ्यांत हाँगकाँगची मैत्रीण आहे, हे त्याहून महत्त्वाचं. तिचं नाव नाचाच्या कागदावर तुमच्या आधी घाला.

झुआरीकाठ

मी गोव्याची. वाचताना सारखा मांडो डोळ्यांपुढे येत होता. मांडोतही बायका आणि पुरुष समोरासमोर दोन ओळींत, बायकांच्या हातात पंखा, पुरुषांच्या हातात रुमाल, ओळी जवळ येतात, एकमेकींतून पलीकडे जातात. आणि संथ मांडो झाला की त्याच्या शेपटाला जलद दुलपद येतं. तुमच्याकडे स्ट्राथस्पेमागून रील नाचतात का?

केतकी_लीथ

हो! जुन्या पद्धतीत अर्धा नाच स्ट्राथस्पेत आणि उरलेला रीलमध्ये, असे नाच अजूनही आहेत. ताल बदलतो त्या क्षणी सगळ्या हॉलचा श्वास बदलतो. मांडोचं मला माहीत नव्हतं, पुढच्या वेळी गोव्यात आले की नक्की बघणार.

तंतुवाद्य

संगीताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो.

कितीतरी स्कॉटिश चाली पाचच सुरांच्या आहेत. 'ऑल्ड लँग साइन' घ्या, सरळ भूपाचे सूर, सा रे ग प ध. चिनी लोकसंगीताचा पायाही पंचस्वरी, आणि त्यांच्या पाच स्वरांपैकी पहिल्याला षड्ज मानलं की तोच भूप. म्हणजे चाल उसनी आणायची गरज नाही. एखादा अस्सल स्कॉटिश पंचस्वरी रील निवडा, हाँगकाँगच्या आजीलाही तो परका वाटणार नाही.

पण जिग घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. जिग ६/८ मध्ये, आणि चिनी लोकचाली बहुतेक २/४ किंवा ४/४ मध्ये चालतात. कोणी हौसेने एखादी चिनी चाल घेऊन ती ६/८ मध्ये कोंबली की तिचं हसं होतं. रीलमध्ये दोघांनाही मोकळं चालता येतं. स्ट्राथस्पेचा तो लघु-गुरूचा झटका मला अतिशय आवडतो, पण शर्यतीला तो फार संथ.

अभ्यासू_मुंगी

बारा माणसांचाच सेट केला तर? प्रत्येकाला एक प्राणी. मी यूट्यूबवर 'एटसम रील' पाहिला, त्यात प्रत्येक जण आळीपाळीने मध्ये जातो आणि बाकी सात जण भोवती फेर धरतात. तसंच बारा जणांचं करा, प्रत्येकाला त्याचं वर्ष मिळेल.

केतकी_लीथ

मुंगी, ही कल्पना आमच्याही मनात येऊन गेली होती. एटसम रील म्हणजे सुरुवातीचे ४० बार, मग आठ जणांना प्रत्येकी ४८, मग पुन्हा ४०. एकूण ४६४ बार. तो संपतो तेव्हा तरुण पोरंही भिंतीला टेकतात. बारा जणांचा केला तर ६५६ बार होतील, अकरा मिनिटांच्या आसपास, तेही रीलच्या वेगात. आमच्या गटात सत्तरी ओलांडलेले लोक आहेत आणि त्यांना बाजूला बसवून मला हा नाच नकोय.

चारपेक्षा जास्त जोड्यांचे नाच आहेत म्हणा. ह्यू फॉस यांचा 'पोलहॅरो बर्न' पाच जोड्यांचा, आणि अतिशय देखणा. (हे फॉस जपानमधल्या कोबेत जन्मले आणि युद्धात ब्लेचली पार्कमध्ये जपानी नौदलाच्या सांकेतिक लिपीवर काम करत होते. त्यांच्या रचना नाचताना मला नेहमी वाटतं, गुंता सोडवणाऱ्या माणसालाच असा गुंता घालता येतो.) पण आपल्याला नववर्षाच्या रात्री नवखेही नाचवायचे आहेत, म्हणून नेहमीचा चार जोड्यांचा सेटच बरा.

वेलिंग्टनची_वेणू

मी न्यूझीलंडमध्ये हाच नाच करते, आणि धागा वाचताना एका ठिकाणी उठून उभीच राहिले. उंदीर बैलाच्या मागे असतो आणि शेवटी पुढे जातो. साप घोड्याच्या मागे असतो आणि शेवटी पुढे जातो. केतकी, अगं, हा तर 'पेलोरस जॅक' आहे!

बाकीच्यांसाठी सांगते. पेलोरस जॅक हा खराखुरा डॉल्फिन. १८८८ ते १९१२ या काळात इथल्या फ्रेंच पासजवळच्या धोक्याच्या पाण्यात तो जहाजांच्या सोबतीने पोहायचा. इतका लाडका की १९०४ मध्ये त्याच्या संरक्षणासाठी सरकारी हुकूम निघाला. आमच्या बॅरी स्केल्टन यांनी त्याच्यावर नाच रचला आणि तो संस्थेच्या ४१ व्या पुस्तकात आहे. त्यातली करामत अशी : साध्या तीन जणांच्या रीलमध्ये तिघे इंग्रजी आठच्या आकड्याच्या वाटेवर एकमेकांना ओलांडत फिरतात. इथे मधल्या एकाच्या जागी पूर्ण जोडी असते, एकापाठोपाठ एक, जणू एकच प्राणी. कोपऱ्यावरच्या माणसाच्या जागेला वळसा घालताना मागचा आतून आखूड वाट घेतो आणि बाहेर पडताना तोच पुढे असतो. जहाज आणि डॉल्फिन. आता जगभर त्या आकृतीला डॉल्फिन रीलच म्हणतात.

तुमच्या नाचात पहिली जोडी पहिल्या कोपऱ्यांबरोबर (मधल्या जोडीपासून तिरक्या रेषेत, वर आणि खाली उभे असलेले दोघे; दुसऱ्या तिरक्या रेषेतले दोघे म्हणजे दुसरे कोपरे) अर्धा डॉल्फिन रील करेल. बैल पुढे, उंदीर मागे. वळणावर उंदीर पुढे. मग दुसऱ्या कोपऱ्यांबरोबर अर्धा. आता जो पुढे आहे तो घोडा आणि जो मागे पडला तो साप. वळणावर साप पुढे. म्हणजे जो बैल होता तोच आता साप होऊन पुढे सरकला. कोणीच कायमचं धूर्त नाही आणि कायमचं भोळं नाही. अभिनय शून्य, आणि गोष्ट अगदी अंगात उतरते.

केतकी_लीथ

वेणू!! वाचल्यावर मी मैत्रिणीला लगेच फोन लावला. पेलोरस जॅक आम्ही कितीतरी वेळा नाचलोय. परवाच्या सरावात तुझं करून पाहिलं. एक जण नेहमी गंभीर चेहऱ्याने नाचतो, तो वळणावर पुढे निघाल्यावर खळखळून हसला. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं की तू उंदीर आहेस.

व्हिएतनामची एक बाई, जन्म १९७५ चा, म्हणाली की तिच्या देशात सशाच्या जागी मांजर असतं, आणि ती मांजराची आहे. चिनी गोष्टीत मांजर यादीबाहेर राहतं कारण उंदराने त्याला उठवलं नाही किंवा पाण्यात ढकललं, सांगणाऱ्यागणिक बदलतं. तिला विचारलं, मग सुरुवातीच्या उड्या सशाच्या म्हणायच्या की मांजराच्या? ती म्हणाली, मी नाचेन तेव्हा मांजराच्या. तसंच लिहायचं ठरवलंय.

निळा_ढग

आणि डुक्कर? मी डुकराच्या वर्षातली आहे, म्हणून विचारते.

वेलिंग्टनची_वेणू

डुक्कर तर सेटमध्ये आधीच उभं आहे! चौथी जोडी पहिल्या आवर्तनात नुसती उभी असते, तिला काही काम नसतं. दुसऱ्या आवर्तनात पहिली जोडी तिच्यापर्यंत पोचते. आणि नाच पुरता व्हायच्या आत तीच जोडी सगळ्यात वर उभी असते, सगळा सेट तिच्याभोवती फिरत असतो.

पंचांगवाला

व्वा.

तंतुवाद्य

रीलच ना मग? डॉल्फिन रील मूळ जिगमध्ये आहे असं दिसतंय.

केतकी_लीथ

हो, रीलच. पावलं तीच, वेगही जवळपास तोच, आणि तुमचं म्हणणं मैत्रिणीलाही पटलं. तिच्या गावात लग्नात वाजणारी एक चाल तिने गुणगुणून दाखवली. ती आम्ही नाचासाठी घेतलेली नाही, जेवणाच्या आधी ती स्वतः बासरीवर वाजवणार आहे.

तर आत्तापर्यंतचा आराखडा असा. रील, आठ आवर्तनं, चार जोड्यांच्या सेटमध्ये तीन जोड्या नाचतात.

बार १ ते ४ : पहिली जोडी जागेवर पाऊल टाकते (सशाचे किंवा मांजराचे दगड) आणि ओळीच्या बाहेरून एक जागा खाली उतरते. त्याच वेळी दुसरी जोडी वर सरकते. हा ड्रॅगन. त्यामुळे दुसऱ्या जोडीने नुसती जागा भरायची नाही, पहिल्या जोडीकडे बघत तिला वाट करून द्यायची. हे मैत्रिणीचं सुचवणं, आणि माझ्या मते नाचातली सगळ्यात चांगली गोष्ट. दुसऱ्यासाठी थांबणारा प्राणी त्या अख्ख्या शर्यतीत तो एकटाच.

बार ५ ते ८ : पहिली जोडी उजवा हात धरून वळते आणि मध्यभागी एकामागे एक, पहिल्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी.

बार ९ ते १६ : पहिल्या कोपऱ्यांबरोबर अर्धा डॉल्फिन रील, मग दुसऱ्या कोपऱ्यांबरोबर अर्धा. उंदीर-बैल, साप-घोडा.

बार १७ ते २४ : तेच पुन्हा, म्हणजे कोपऱ्यावरचे चौघे आपापल्या जागी परततात.

बार २५ ते २८ : तिघा-तिघांचे डाव्या हातांचे चक्र. पहिली बाई दुसऱ्या जोडीबरोबर, पहिला पुरुष तिसऱ्या जोडीबरोबर. बोकड, माकड, कोंबडा, तराफा.

बार २९ ते ३२ : पहिली जोडी दोन्ही हात धरून मोकळेपणी गोल फिरते आणि आपापल्या बाजूला दुसऱ्या जागी पोचते. पाण्यात खेळणारा कुत्रा.

वाघ यात नाही. त्याला बसवायला गेलो की बाकीचं चेंगरतं, आणि श्वेइहूदीच्या पट्ट्यांनी धीर दिला आहेच. कागदावर मैत्रिणीचं नाव आधी असेल, व्हँकूवरकर.

एकच अडचण उरली आहे. २४ व्या बारला जोडी मध्यभागी एकामागे एक असते, आणि २५ व्या बारला दोघांना विरुद्ध दिशांना जाऊन चक्रात हात द्यायचा आहे. सरावात पुढचा वेळेवर पोचतो, मागच्याला उशीर होतो.

वेलिंग्टनची_वेणू

शेवटच्या वळणावर मागच्याने पुढच्याच्या पाठोपाठ मध्यापर्यंत यायचंच नाही. २३ व्या बारलाच थेट आपल्या चक्राकडे वळायचं, आणि चक्रातल्या दोघांनी हात आधीच पुढे करून ठेवायचे. आमच्या शनिवारच्या वर्गात करून बघते आणि इथे लिहिते. बाकी कुठे सहा जण जमत असतील तर त्यांनीही बघा, खासकरून उंची-पावलांत फरक असलेली जोडी घेऊन.